पहाटेचे पुण्यवान

आपल्याकडे पहाटे पाचला उठणारे लोक दोन प्रकारचे. पहिल्यांना दूध टाकायचं असतं, डबे भरायचे असतात, लोकल पकडायची असते. ते त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. दुसऱ्यांना काहीच करायचं नसतं. आपण उठलो हे सांगायला ते उठतात. सव्वापाचला नातेवाइकांच्या ग्रुपवर सूर्योदयाचं चित्र (खऱ्या सूर्याचा अजून पत्ता नाही), खाली ब्राह्ममुहूर्ताचं माहात्म्य, आणि सातला शेजारच्या पेंगुळलेल्या पोराकडे बघून सुस्कारा: “आजकालची पिढी!”

या दुसऱ्या जमातीने नुसते सुस्कारे सोडले असते तर माझी हरकत नव्हती. पण शाळा-कॉलेजांची वेळापत्रकंही हीच मंडळी ठरवतात.

या जमातीतले आमचे एक काका घ्या. वय साठ. साठीत झोप लवकर येते आणि लवकर मोडते. यात साधना वगैरे काही नाही, शरीरधर्म आहे. टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा तपासून दाखवलं, की बालपण सरलं की माणसाचं आतलं घड्याळ वर्षागणिक उशिराकडे सरकत जातं, विशीच्या आसपास टोक गाठतं आणि मग हळूहळू परत फिरतं. म्हणजे काका जिला तपश्चर्या म्हणतात ती जन्मतारखेची कृपा! हेच काका अठराचे असताना त्यांच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारावं लागे. मारणारी आजी आज साक्षीला हयात नाही, हे काकांचं नशीब.

“हे सगळं मोबाइलमुळे,” असं आता कोणीतरी म्हणेलच. मोबाइल आगीत तेल ओततो, कबूल. पण वयात येताना झोपेची ओढ उशिराकडे सरकते हे मेरी कार्स्काडन यांनी १९९३ मध्येच नोंदवलं होतं. तेव्हा पोरांच्या हातात फार तर वॉकमन होता. किशोरवयात झोपेचा इशारा देणारं मेलाटोनिन पाझरायलाच उशीर होतो. नवाला दिवे मालवून “झोप बघू मुकाट्याने” म्हणालात तर पोरगं मुकाट्याने छताकडे बघत पडेल, बस्स. फळमाशीच्या शरीरातलं घड्याळ कसं चालतं हे उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. माशीच्या घड्याळाला स्टॉकहोममध्ये मानवंदना. नववीतल्या पोराच्या घड्याळाला पट्टी.

आता सरकारी बुद्धिमत्तेकडे वळू. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला: मुलांची झोप पुरी होत नाही, सबब शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये. वा! डोळे पाणावले. मग पुढची ओळ वाचली. हा नियम पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतच. म्हणजे रविवारीही सहाला उठून घर डोक्यावर घेणाऱ्या सहा वर्षांच्या बाळाला सवलत, आणि ज्याचा मेंदू साडेआठपर्यंत जागा व्हायला तयार नाही त्या पंधरा वर्षांच्या घोड्याला सातचा ठोका. चष्मा अचूक बनवला आणि आजोबांऐवजी नातवाच्या नाकावर चढवला. लहानग्यांची सोय झाली याचा आनंदच आहे. पण ज्यांचं दुखणं जास्त, नेमकं त्यांनाच वगळायला एक वेगळीच प्रतिभा लागते.

साधा हिशोब करा. या वयाला आठ ते दहा तास झोप हवी. क्लास सुटतो रात्री नऊला, जेवण, गृहपाठ, अंथरुणाला पाठ टेकायला अकरा. उठायचं साडेपाचला. साडेसहा तास, आणि तेही पडल्या पडल्या डोळा लागला तर. कापला जातो तो रात्रीचा शेवटचा तुकडा, स्वप्नांच्या झोपेचं माप ज्यात सर्वांत जास्त असतं तो. सकाळी पावणेसातला कुठल्याही नाक्यावर उभे राहा. रिक्षाच्या दांडीला गाल टेकवून, तोंड उघडं टाकून, एका बुटाची नाडी सुटलेली, अशी झोपलेली मुलं दिसतील. पंधरा मिनिटांनी यांना त्रिकोणमिती शिकवली जाणार आहे.

“सवय होते हो!” हा पुण्यवानांचा हुकमी एक्का. २००३ मध्ये अमेरिकेत व्हॅन डोंगेन, डिंजेस आणि मंडळींनी निरोगी प्रौढांना सलग दोन आठवडे रोज सहाच तास अंथरुणात राहू दिलं. त्यांची एकाग्रता घसरत घसरत रात्रभर जागलेल्या माणसाच्या पातळीला गेली. स्वतः ते मात्र म्हणत होते, फारशी झोप येत नाही, ठीक आहे. सवय होते ती ही: आपण मठ्ठ झालोय हे न कळण्याची. तेव्हा “मला पाच तास पुरतात” ही साक्ष किती वजनाची? बारमधून निघालेला माणूसही “मी एकदम शुद्धीत आहे” असंच म्हणतो, आणि तेही दोनदा.

उरली बसची सबब. शाळा उशिरा भरवली तर बसच्या फेऱ्या कोलमडतील, आणि पोरं तेवढीच आणखी जागतील. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७.५० वरून ८.४५ केली आणि बहुतेक प्राथमिक शाळा आधी भरवल्या, म्हणजे आपल्या बरोबर उलट. मनगटाला यंत्रं बांधून मोजणी झाली. पोरं जास्त जागली नाहीत. रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढली. बसच्या फेऱ्यांचा क्रम तेवढा फिरवला. पण आमच्याकडे फेऱ्या पवित्र, पोरं लवचीक.

मध्यंतरी एका नामांकित शाळेचं निमंत्रण आलं. नववी-दहावीसाठी व्याख्यान, विषय ‘विद्यार्थी आणि मानसिक आरोग्य’, वेळ सकाळी ७.१५. मुलं सव्वासातला रांगेत बसवली होती. व्याख्याते नऊला पोचले. मुख्याध्यापकांनी माइकवर सांगितलं, साहेबांना रात्री परतायला उशीर झाला होता, त्यामुळे त्यांना थोडी विश्रांती घेऊ दिली.