थर्मोस्टॅटची स्क्रीन काळी पडली तर

जानेवारीतली गोष्ट. रात्री साडेनऊला आम्ही जेवायला बसतोय तोच आपांचा व्हिडिओ कॉल आला. त्या शिकागोजवळ भाच्याकडे राहायला गेल्या आहेत. तिथं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. अंगावर दोन शाली, मांडीवर गोधडीत गुंडाळलेला नातू. म्हणाल्या, ‘‘भिंतीवरचं ते गोल यंत्र मेलंय बघ. घर गारठत चाललंय. दोघंही कामावर, फोन कुणी उचलत नाही.’’

ज्यांची मुलं-मुली तिकडे आहेत, त्यांना हे यंत्र ठाऊक असेल. तळघरात फर्नेस असते. ती गॅसवर हवा तापवते आणि पंख्याने घरभर पाठवते. भिंतीवरचा थर्मोस्टॅट तिला फक्त हुकूम देतो. आताचे स्मार्ट थर्मोस्टॅट मोबाइलवरूनही चालतात, पण त्यांना स्वतःला वीज लागते आणि ती बहुधा फर्नेसमधूनच येते. एक छोटा ट्रान्सफॉर्मर घरातली १२० व्होल्ट वीज २४ व्होल्टवर आणतो आणि बारीक तारांनी वर पाठवतो.

हे सगळं माहीत असून आम्ही पहिली चूक केलीच. म्हणालो, ‘‘आपा, सेल बदला.’’ त्यांनी बिचाऱ्यांनी यंत्र ओढून काढलं, तर आत सेलची जागाच नाही. पंधरा मिनिटं फुकट गेली. मग सुचलं ते विचारायला हवं होतं आधी : ‘‘काल कुणी फर्नेसला हात लावला होता का?’’

‘‘हो, रात्री तुझा भाचा खाली जाऊन फिल्टर बदलून आला.’’

तिथंच गाठ सुटली. बऱ्याच फर्नेसच्या पत्र्याच्या दारामागे एक बटण असतं. फ्रिजचं दार उघडल्यावर दिवा लावणारं असतं ना, तसंच, फक्त काम उलटं. दार घट्ट बसून बटण दाबलं गेलं तरच फर्नेसला वीज मिळते. दार जरा सैल राहिलं की फर्नेस बंद आणि थर्मोस्टॅटची वीजही बंद.

मग रात्रीच स्क्रीन का नाही गेली? कारण आत छोटी चार्ज होणारी बॅटरी असते. तिच्या जिवावर स्क्रीन रात्रभर उजळलेली राहिली आणि खाली फर्नेस थंड. फजरला उठल्यावर गारवा जाणवला म्हणून भाच्याने मोबाइलवरून आकडा वाढवला आणि कामावर गेला. आकडा वाढला, ऊब नाही. स्क्रीन चालू दिसते म्हणजे वीज येतेच आहे, असं धरून चालायचं नाही.

आपांचे गुडघे दुखतात, त्यांना तळघरात पाठवायला जीव धजेना. पण नातवाला पलंगावर उशा लावून ठेवून, कठडा धरून त्या उतरल्या. खालचं दार एका कडेने पुढे आलेलं दिसलं. जरा वर उचलून दाबल्यावर ‘टक’ असा आवाज झाला. स्क्रीन मात्र लगेच उजळली नाही. बॅटरी पार उतरली होती. चांगला पाऊण तास लागला. काही यंत्रांना मागे चार्जिंगची जागा असते, तिथं मोबाइलचा चार्जर लावता येतो.

त्या पाऊण तासात आपा म्हणाल्या, ‘‘तोवर गॅसचा ओव्हन पेटवून दार उघडं ठेवते.’’ आम्ही अक्षरशः ओरडलो. बंद घरात ओव्हन किंवा कोळशाची शेगडी पेटवून ऊब घेतली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. एक खोली बंद करून पांघरुणात बसा, असं सांगितलं. विजेचा हीटर असेल तर तो थेट भिंतीच्या सॉकेटला लावावा, एक्स्टेन्शन बोर्डवर नव्हे. गॅसचा वास आला तर काही न तपासता घराबाहेर.

दार नीट असूनही स्क्रीन काळी असेल तर फर्नेसचा ब्रेकर पाहावा. फर्नेसजवळ दिव्याच्या बटणासारखं दिसणारं एक बटणही असतं. दिवा समजून कुणीतरी ते बंद करून येतं. नवीन थर्मोस्टॅट बसवताना ब्रेकर बंद केला नाही आणि दोन तारा एकमेकींना लागल्या, तर फर्नेसच्या बोर्डवरचा मोटारीत असतो तसला ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज उडतो. तो बदलावा, पुन्हा उडाला तर मेकॅनिकच बोलवावा. उन्हाळ्यात एसीचं पाणी जाणारी नळी तुंबली की काही घरांत सुरक्षेचं बटण वीज तोडतं, हेही लक्षात ठेवावं.

वारंवार बॅटरी उतरत असेल, वायफाय तुटत असेल, तर दुखणं बहुधा ‘सी’ तारेचं. जुने पाऱ्याचे थर्मोस्टॅट निव्वळ बटण होते, त्यांना दोन तारा पुरत. स्मार्ट यंत्राला सतत वीज हवी, त्यासाठी परतीची ‘सी’ तार लागते. ती नसेल तर ते फर्नेसच्या तारांतून थोडीथोडी वीज उसनी घेतं आणि तेवढ्यावर नेहमी भागत नाही. पुष्कळदा जादा तार भिंतीत गुंडाळून ठेवलेली सापडते. रंगावर जाऊ नये, ती फर्नेसमध्ये ‘सी’ अक्षराला जोडावी लागते. तार नसेलच तर सॉकेटला लावायचा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मिळतो. भिंतीतल्या तारा जाड असतील तर तो विजेच्या हीटरचा, जास्त व्होल्टचा थर्मोस्टॅट. त्याला हात लावू नये. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी तर आधीच सावध असावं, तिथं बऱ्याच बॉयलरच्या थर्मोस्टॅटमध्ये २३० व्होल्ट असतात.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. ‘‘मामू, दार मीच नीट लावलं नव्हतं.’’ आम्ही त्याला दोन कामं सांगितली : फर्नेसच्या मेकॅनिकचा आणि शेजाऱ्यांचा नंबर मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटव, आणि ते दार कसं बसवायचं ते अम्मीला एकदा समोर उभं राहून दाखव.