काचेवरची रेघ

"किती मिळतात गं यातून?"

मी चित्र काढत बसलेली दिसले की घरी आलेला पाहुणा हा प्रश्न विचारतोच. मीही खरं तेच सांगते, "काहीच नाही." मग पाहुणा आधी स्क्रीनकडे बघतो, नंतर माझ्याकडे बघतो आणि चहाचा मोठा घोट घेतो. एवढं महाग यंत्र आणि कमाई शून्य, हे सगळं त्या घोटात येतं!

मी कंटेंट रायटर आहे. दिवसभर दुसऱ्यांसाठी लिहायचं, मिक्सरपासून म्युच्युअल फंडापर्यंत काहीही. संध्याकाळी शब्द नकोसे होतात. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. मग दहावी, बारावी, कॉलेज, नोकरी. या धावपळीत ब्रश कधी हातातून सुटला, कळलंच नाही. म्हणून गेल्या दिवाळीत बोनसमधून मी स्वतःसाठी पेन डिस्प्ले टॅबलेट घेतला. 18,000 रुपयांचा. आणि पुढचे तीन महिने तो खोक्यात, पलंगाखाली होता.

हे असतं तरी काय?

चित्रांसाठीचे टॅबलेट मुख्यतः दोन प्रकारचे. एक साधी काळी पाटी असते. हात पाटीवर फिरतो आणि चित्र समोरच्या मॉनिटरवर दिसतं. स्वस्त आणि टिकाऊ, पण हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे, याची सवय व्हायला वेळ लागतो. दुसरा प्रकार पेन डिस्प्ले. यात पाटी हीच स्क्रीन असते, त्यामुळे कागदासारखं जिथे पेन टेकवाल तिथेच रेघ उमटते. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन ही यातली नेहमी ऐकू येणारी नावं.

बऱ्याच पेनांत बॅटरी नसते, याचं मला फार नवल वाटलं होतं. पाटीखालच्या तारांच्या जाळ्यातून चुंबकीय लहरी निघतात, पेनमधलं वेटोळं त्यावरच चालतं आणि आपण कुठे आहोत, किती दाब आहे हे पाटीला परत कळवतं. दाबाच्या 8192 पायऱ्या वगैरे जाहिरातीत लिहिलेलं असतं. आपल्याला एवढंच कळतं, की हलका हात ठेवला तर बारीक रेघ आणि दाबलं तर जाड.

पहिला दिवस, पहिला पोपट

खोकं उघडून एक वायर लॅपटॉपला लावली. स्क्रीन काळी ती काळीच. दोन तास खटपट केल्यावर उलगडा झाला, की माझ्या लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटासाठी आहे, त्यातून चित्र बाहेर जातच नाही. मग एचडीएमआयची वायर शोधली. स्क्रीन उजळली, मी देवाचं नाव घेऊन पेन टेकवलं, तर बाण हलला लॅपटॉपवर! ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये पेन कुठल्या स्क्रीनशी जोडायचं ते निवडावं लागतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. तेही केलं. शेवटी रेघ उमटली, पण टोकापासून केसभर बाजूला. काच आणि खालची स्क्रीन यांत फट असली की असं दिसतं. कॅलिब्रेशन केलं, म्हणजे स्क्रीनवर दाखवलेल्या फुल्यांवर पेन टेकवत गेले, तेव्हा बरंच जमलं.

पण खरा पोपट पुढेच झाला. सगळं नीट चालायला लागल्यावर मी एक चेहरा काढला आणि तो वाईट निघाला. अगदी आठवीतल्या माझ्या चित्रांपेक्षा वाईट. यंत्र हजारोंचं असलं तरी हात माझाच होता, दहा वर्षं न वापरलेला. मी सगळं गुंडाळून पलंगाखाली सरकवलं.

तिथे ठेवण्याचं आणखी एक कारण होतं. माझे बाबा पेंटर. तालुक्याच्या गावात दुकानांचे बोर्ड रंगवायचे. पत्र्यावर खडूच्या दोरीने रेघा मारायच्या, हाताखाली टेकायला काठी धरायची आणि एका दमात ऑइल पेंटने अक्षर ओढायचं. मी पहिली-दुसरीत असेन, तेव्हा गावात फ्लेक्सचं मशीन आलं. दोन दिवसांचा बोर्ड तासाभरात मिळायला लागला. बाबांनी ब्रश रॉकेलमध्ये धुऊन डब्यात ठेवले आणि किराणा दुकानात हिशेब लिहायला लागले. यावर ते कधी बोलले नाहीत. पण ज्या कॉम्प्युटरने त्यांचं काम नेलं, त्यावर चित्र काढायला त्यांच्याच मुलीने 18,000 घालवले, हे त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती. आई फोनवर म्हणालीच, "बाबांना किंमत सांगू नकोस."

बाबा येतात

फेब्रुवारीत बाबा माझ्याकडे आले. उजवा हात थरथरायला लागला होता, म्हणून इथल्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. कपात चहा अर्धाच भरायला सांगायचे. गोळ्या सुरू झाल्या. पूर्ण बरं होईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत, कमी होईल म्हणाले.

एके दिवशी मी मीटिंगमध्ये होते आणि बाबांनी झाडताना खोकं बाहेर काढलं. मीटिंग संपवून येते तर खोकं टेबलावर आणि बाबा त्यावरचं चित्र बघत बसलेले.

"हे काय आहे?"

सांगितलं. किंमत विचारली, तीही सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग पलंगाखाली का? एवढ्या पैशाची वस्तू वापरायची असते."

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून वायरी लावल्या. मी क्रिता उघडलं. चित्रकलेचं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. पेन बाबांच्या हातात दिलं. त्यांनी सवयीने डावी मूठ उजव्या मनगटाखाली टेकवली आणि "श्री" काढायला घेतला. प्रत्येक बोर्डावर ते आधी तोच काढायचे. रेघ थरथरत गेली. काच गुळगुळीत, पेन घसरत होतं आणि काना नागमोडी झाला.

माझ्याच्याने बघवेना. मी पटकन म्हणाले, "थांबा, यावर उपाय आहे." सॉफ्टवेअरमध्ये स्टॅबिलायझर नावाची सोय असते. हाताचा कंप गाळून ती रेघ गुळगुळीत करते. ती चालू केली. बाबांनी पुन्हा "श्री" काढला. या वेळी रेघ पेनच्या किंचित मागून आली, पण सरळ आली. जवळजवळ जुन्या बोर्डांवरच्यासारखी.

मला वाटलं, बाबा खूश होतील. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं.

"हे बंद कर."

"का? छान आलाय की."

"छान आहे, पण मी नाही काढलेला. माझा हात कुठे हलतो ते मला दिसू दे. दिसलं तर सांभाळता येईल."

मी ते बंद केलं. त्या महिन्यात बाबा रोज रात्री अर्धा तास बसायचे. काच घसरते म्हणून मी वर मॅट फिल्म लावली. तिने कागदासारखा खरखरीतपणा येतो, मात्र पेनचं टोक लवकर झिजतं. "श्री" सरळ झाला नाही. पण बाबांना कळलं, की कंप वरून खाली येणाऱ्या रेघेत जास्त आहे, आडव्या रेघेत कमी. मग ते पाटी फिरवून बसायचे. बोर्ड फिरवता यायचा नाही, हे फिरवता येतं, एवढं एकच कौतुक त्यांनी या यंत्राचं केलं.

मी काय शिकले?

बाबा गावी गेल्यावर मीही रोज अर्धा तास बसते. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी सुरू करणार असेल, तर काही गोष्टी सांगते.

घेण्याआधी लॅपटॉपचे पोर्ट तपासा. टाइप-सी असेल तर त्यातून व्हिडिओ बाहेर जातो का, हे विचारा. फक्त छंद आजमावायचा असेल तर आधी बिनस्क्रीनची पाटी घ्या.

स्टँड लावून पाटी तिरकी ठेवा, नाहीतर मान धरते. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद बघा. माझ्यासाठी ती वस्तू म्हणजे समोरच्या गॅलरीतली तुळस.

सारखं झूम करू नका. मी एका पापणीवर तासभर घालवला आणि बाहेर येऊन बघते तर एक डोळा कानाजवळ. क्रितात 'एम' दाबलं की चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं दिसतं. चुका लगेच सापडतात, राग येतो, पण उपयोग होतो.

आणि चुकलं की लगेच मागे घेण्याचं बटण दाबू नका. मी एकेक रेघ वीस वीस वेळा पुसायचे. आता ठरवलंय, तीनदाच. चौथ्यांदा जी येईल ती ठेवायची.

स्टॅबिलायझर मी अगदी कमी ठेवते. रेघ थोडी वाकडी येते, पण ती माझी असते.

परवा बाबांचा फोन आला होता. डब्यातले ब्रश काढून साफ केलेत म्हणाले. शेजारच्यांच्या पिठाच्या गिरणीचं नाव रंगवायचंय, घाई नाही, आठवडा लागला तरी चालेल असं त्यांनी सांगितलंय.

"किती मिळतील?" मी विचारलं.

बाबा हसले. "काहीच नाही."