कोर्टात जिंकलेला हक्क आणि टेबलावरची खुर्ची

जून २०२५ मध्ये अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडीत, डॅलस मॅव्हेरिक्स संघाने पहिला क्रमांक कूपर फ्लॅग या १८ वर्षांच्या मुलाला दिला. ड्यूक विद्यापीठात तो फक्त एक वर्ष खेळला होता. वर्तमानपत्रांनी त्याची उंची सांगितली, त्याचे गुण सांगितले, त्याला मिळणारे कोट्यवधी डॉलर्स सांगितले. मात्र कॉलेजची चार वर्षे पुरी होण्याआधी व्यावसायिक संघात जाण्याची वाट कोणी मोकळी केली, हे फार थोड्यांनी सांगितले. ती वाट मोकळी करणारा माणूस कापसाच्या शेतातून आला होता. स्पेन्सर हेवूड हे त्याचे नाव. चळवळीच्या माणसाने ते माहीत करून घेतले पाहिजे.

हेवूडचा जन्म १९४९ सालचा, मिसिसिपी राज्यातील सिल्व्हर सिटी या छोट्या गावातला. मुलगा जन्मण्याआधीच बाप गेला. आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायची आणि मुलेही तिच्याबरोबर वेचायची. १९५५ मध्ये एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाची निर्घृण हत्या झाली ती याच मिसिसिपी डेल्टात, आणि गोऱ्या पंचांनी आरोपींना निर्दोष सोडले तेही तिथेच. अशा भूमीतून हा पोरगा डेट्रॉइटला गेला. तिथल्या पर्शिंग हायस्कूलमधून खेळला आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये १९ व्या वर्षी अमेरिकेच्या सुवर्णपदक विजेत्या संघात सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू ठरला. देशाला त्याचे सुवर्णपदक हवे होते. त्याने पोट भरायला निघणे मात्र देशातल्या धनिक संघमालकांना मंजूर नव्हते.

त्या काळी एन.बी.ए.चा नियम होता की, हायस्कूलमधून बाहेर पडल्यावर चार वर्षे होईपर्यंत कोणत्याही संघाने खेळाडूला घ्यायचे नाही. ही चार वर्षे कॉलेजमध्ये काढायची. तिथे मैदाने भरतात, तिकिटे विकली जातात, प्रशिक्षकांना पगार मिळतो. खेळाडूला मिळते ती फक्त शिष्यवृत्ती. वर सांगायचे की हे सर्व मुलांच्या शिक्षणासाठी आहे! ज्याची आई शेतात राबते, त्या मुलाला हा उपदेश किती महाग पडतो याचा विचार उपदेश करणाऱ्यांनी कधी केला नाही.

ए.बी.ए. ही दुसरी लीग त्यावेळी अस्तित्वात होती. तिने कौटुंबिक हलाखीचे कारण मान्य करून हेवूडला सवलत दिली. १९६९-७० च्या हंगामात डेन्व्हर रॉकेट्सकडून खेळताना त्याने सामन्यामागे सरासरी ३० गुण मिळवले. पहिल्याच वर्षी तो सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला आणि लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूही. पण करारावरचा १९ लाख डॉलर्सचा आकडा दिसायलाच मोठा होता. त्यातील बरीच रक्कम पुढे अनेक वर्षांनी मिळायची होती. कराराचा वाद पेटला आणि १९७० च्या अखेरीस हेवूड एन.बी.ए.च्या सिएटल सुपरसॉनिक्स संघात गेला. लीगने लगेच चार वर्षांचा नियम पुढे केला.

हेवूड कोर्टात गेला. त्याची बाजू सरळ होती. सगळे संघमालक एकत्र येऊन एखाद्या माणसाला कामच द्यायचे नाही असे ठरवतात, तेव्हा तो सामूहिक बहिष्कार ठरतो आणि १८९० च्या शर्मन मक्तेदारीविरोधी कायद्याचा तो भंग होय. बहिष्कार हा शब्द आपल्याला नवा नाही. कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयाने हेवूडच्या बाजूने अंतरिम मनाई हुकूम दिला. अपील न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. १ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. विल्यम डग्लस यांनी मनाई हुकूम पुन्हा लागू केला. खेळाडूचे उमेदीचे दिवस मोजके असतात, ते वाया गेल्यावर नंतरच्या निकालाने भरून निघत नाहीत, हा मुद्दा त्यात निर्णायक ठरला. पुढे लीगने तडजोड केली आणि हलाखीच्या कारणावर सवलत देणारा नियम आणला. १९७६ मध्ये हलाखी सिद्ध करण्याची अटही गेली.

या विजयाची किंमत हेवूडने मोजली. खटला चालू असताना परगावच्या मैदानांवर ध्वनिक्षेपकावरून त्याला बेकायदा खेळाडू म्हटले जाई आणि प्रेक्षक त्याची हुर्यो उडवीत. तरीही १९७२-७३ मध्ये त्याने सामन्यामागे २९.२ गुणांची सरासरी गाठली. पुढे तो कोकेनच्या आहारी गेला आणि १९८० च्या अंतिम मालिकेच्या वेळी लॉस एंजेलिस लेकर्सने त्याला संघाबाहेर काढले. ही त्याची चूक होती आणि ती झाकण्याचे कारण नाही. तो त्यातून बाहेर आला. पण बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळायला २०१५ साल उजाडावे लागले. ज्यांनी त्याच्या खटल्याच्या जोरावर संपत्ती कमावली, त्यांपैकी कितीजणांना त्याचे नाव ठाऊक होते?

आता खरा मुद्दा. हेवूडने उघडलेल्या दारातून केव्हिन गार्नेट १९९५ मध्ये, कोबी ब्रायंट १९९६ मध्ये आणि लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये हायस्कूलमधून थेट एन.बी.ए.त आले. मात्र २००५ मध्ये हे दार पुन्हा निम्मे लोटण्यात आले. किमान वय १९ आणि हायस्कूलनंतर एक वर्ष, अशी अट आली. लीगला तर २० वर्षांची अट हवी होती. ही अट कोणत्या कोर्टाने लादली नाही. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक कराराने ती आली. जर्मेन ओनील या काळ्या खेळाडूने तेव्हाच विचारले होते की यामागे वर्णाचा विषय नाही काय? टेनिसमध्ये कोवळ्या वयाची मुले व्यावसायिक होतात तेव्हा त्यांच्या शिक्षणाची एवढी चिंता कोणाला पडत नाही.

मग याविरुद्ध पुन्हा कोर्टात का जाता येत नाही? कारण कायद्याने ती वाट अरुंद केली आहे. अमेरिकन फुटबॉलमधील मॉरिस क्लॅरेट या तरुण काळ्या खेळाडूने २००३ मध्ये तसाच खटला भरला. खालच्या कोर्टात तो जिंकला, पण अपिलात हरला. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्या. सोनिया सोटोमायोर यांनीच तो निकाल लिहिला होता. तिचा मथितार्थ असा की, संघटना आणि मालक यांच्या वाटाघाटींच्या कक्षेतील अटींना मक्तेदारीविरोधी कायदा लावता येत नाही. म्हणजे ज्या १८ वर्षांच्या मुलाचे भवितव्य ठरते, तो त्या संघटनेचा सभासदच झालेला नसतो. आत बसलेले लोक बाहेर उभ्या असलेल्याचा हक्क देऊन टाकतात, आणि कायदा म्हणतो, करार झाला!

आजचे चित्र यापेक्षा फार वेगळे नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲल्स्टन खटल्यात एकमताने कॉलेज क्रीडा संघटनेची मनमानी रोखली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाउस तडजोडीने महाविद्यालये खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पैसा आला, पण खुर्ची आली काय? डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना स्थापन करण्याचा कौल दिला. कॉलेजने वाटाघाटी केल्या नाहीत आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अर्ज मागे घ्यावा लागला. पैसे देणारा उद्या देणे थांबवू शकतो. टेबलावर बसण्याचा अधिकार असलेल्या माणसालाच ते रोखता येते.

आपल्याकडेही कायदा खेळाडूला काही आधार देतो. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ व्यवसायाला बंदी घालणारा करार निरर्थक ठरवते. याच कलमाच्या आधारे २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्या बाजूने निकाल दिला. मुदत संपलेल्या कराराची दोरी जाहिरात व्यवस्थापन कंपनीला त्याच्या गळ्यात ठेवता आली नाही. आज आपल्या वस्त्यांतील पोरे कबड्डीच्या, क्रिकेटच्या संघांसाठी करारांवर सह्या करतात. सही करण्याआधी तो कागद एखाद्या वकिलाला दाखवा, एवढे तरी त्यांना सांगितले पाहिजे.

कोर्टाचा निकाल दार उघडतो, पण ते दार उघडे ठेवण्याचे काम कोर्ट करीत नाही. बाबासाहेब १९३० मध्ये गोलमेज परिषदेला गेले, ते आपल्याविषयीचे निर्णय आपल्या अनुपस्थितीत होऊ नयेत म्हणून. हेवूड एकटा लढला आणि जिंकला. त्याच्या मागून येणाऱ्या मुलांना त्या टेबलावर कोणी बसवले नाही, म्हणून त्याचा निम्मा विजय परत गेला. कूपर फ्लॅग गोरा आहे, आणि एका काळ्या शेतमजुरणीच्या मुलाने मिळवलेला हक्क तो आज वापरतो आहे. त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. शोषितांनी जिंकलेला हक्क शेवटी सर्वांचाच होतो. पण तो राखायची वेळ येते तेव्हा खुर्चीवर आपला माणूस आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र आपलीच असते.