स्वस्त घड्याळ मुके का?

सातारा किंवा सांगलीच्या एसटी स्टँडवर एकट्याने प्रवास करणाऱ्या अंध माणसाचा एक हात पांढऱ्या काठीत गुंतलेला असतो, दुसऱ्या हातात बहुधा पिशवी असते. गर्दीत फोन बाहेर काढायचा तर पिशवी खाली ठेवावी लागते, आणि स्टँडवर खाली ठेवलेली पिशवी जागेवर राहीलच याची खात्री डोळस माणसालाही नसते. 2009 मध्ये आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक हे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे स्क्रीन रीडर आले, तेव्हा अंधांच्या वाचनाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. हात मोकळा ठेवण्याचा प्रश्न मात्र फोनने सोडवला नाही. तो मनगटावरचे घड्याळ सोडवू शकते, म्हणून स्मार्टवॉच ही अंधांसाठी हौसेची वस्तू धरू नये. आज बाजारात सर्वाधिक दिसणारी स्वस्त घड्याळे त्यांना निरुपयोगी आहेत ती कोणत्याही तांत्रिक नाइलाजामुळे नव्हे, तर कोणी विचारलेच नाही म्हणून.

स्क्रीन रीडर असलेल्या घड्याळावर बोट फिरवले की बोटाखाली जे असेल ते घड्याळ बोलते, दोनदा टिचकी मारली की ते उघडते. ॲपल वॉचमध्ये ही सोय 2015 च्या पहिल्या घड्याळापासून आहे, आणि गूगलच्या वेअर ओएसवर चालणाऱ्या घड्याळांत टॉकबॅक असते. आवाजाचीही गरज नसते, कारण ॲपलचे घड्याळ नुसत्या थरथरीतून तास-मिनिटे मोजून देते. सभेत, वर्गात किंवा कोणाच्या सांत्वनाला गेल्यावर वेळ विचारायची किंवा ऐकवायची नसते, तेव्हा याची किंमत कळते. पण ॲपलच्या घड्याळासाठी आधी आयफोन लागतो, आणि हे सारे मिळून साध्या पगाराच्या घरात बसत नाही. दीड-दोन हजारांत मिळणाऱ्या घड्याळांत बहुधा कंपनीची स्वतःची छोटी प्रणाली असते. तीत स्क्रीन रीडर नसतो, आणि खोक्यावर पोहणे, योग, क्रिकेट असे शंभर ‘मोड’ छापलेले असले तरी त्यांत ऐकून वापरण्याचा मोड सापडत नाही.

यावर पहिले उत्तर येते ते ‘बोलणारे घड्याळ’ बाजारात आहेच, हे. आहे, आणि ते उपयोगीही आहे. पण बटण दाबल्यावर ते चारचौघांत मोठ्याने वेळ सांगते आणि तिथे त्याचे काम संपते. फोन कोणाचा आला, संदेश काय आहे, नाडीचे ठोके किती, यांतले त्याला काही सांगता येत नाही. मधुमेहाने उतारवयात दृष्टी गेलेल्या माणसाचा यात विशेष विचार व्हावा. त्याला ब्रेल येत नाही, या वयात ती शिकणे जड जाते, आणि तब्येतीचे आकडे तर त्यालाच रोज हवे असतात.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे: एवढ्या स्वस्त चिपवर स्क्रीन रीडर चालणार कसा? पूर्ण टॉकबॅक चालणार नाही, हे मान्य. पण फोनवर बोलण्याची सोय असलेल्या स्वस्त घड्याळांत स्पीकर, माइक आणि थरथरणारी मोटर आधीच बसवलेली असते. आवाज घड्याळातच तयार व्हायला हवा असे नाही. तो फोनमध्ये तयार करून ब्लूटूथवरून पाठवता येतो, जसा कॉलचा आवाज येतो. अंक आणि मेन्यूतले मोजके शब्द आधी ध्वनिमुद्रित करून ठेवता येतात, काही शे रुपयांचे बोलणारे घड्याळ तेच तर करते. ईस्पीक हा मजकूर बोलून दाखवणारा मुक्त-स्रोत वाचक मराठीही वाचतो आणि अवघ्या काही एमबींत मावतो. त्याचा उच्चार यांत्रिक आहे, ऐकणाऱ्याला सवय करावी लागते, पण देवनागरी संदेश पाहून गप्प बसणाऱ्या घड्याळापेक्षा तो कितीतरी बरा.

मग ग्राहक किती, असे विचारले जाते. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 50 लाख दृष्टिबाधित नोंदले गेले. हा आकडा लहान वाटणाऱ्यांनी एचएमटीची आठवण ठेवावी. या सरकारी कंपनीने झाकण उघडून काटे चाचपता येतील असे ब्रेल घड्याळ बनवले होते, आणि तेव्हा ग्राहक आजच्यापेक्षा जास्त होते असे नाही. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने हा प्रश्न बाजारावर सोडलेलाच नाही. कलम 42 नुसार रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध व्हावीत, यासाठी सरकारने पावले उचलायची आहेत. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतूडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, सक्तीचे करा, असे बजावले. याच न्यायालयाने 30 एप्रिल 2025 च्या दुसऱ्या एका निकालात तर डिजिटल सुविधा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

फूटपाथ नाहीत तिथे घड्याळाचे लाड कशाला, असेही कोणी म्हणेल. फूटपाथ हवेतच. पण सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती फूटपाथच्या पैशांतून होत नाही. आणि सांगलीत तरी हा लाड नव्हे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 च्या पुरात पाणी 57 फुटांवर गेले. अशा दिवसांत पातळीचे आकडे मोबाइलवर तासातासाला फिरतात. एका हातात काठी, दुसरा हात सोबत्याच्या खांद्यावर, अशा स्थितीत घर सोडणाऱ्याला तो आकडा मनगटावरच ऐकू यायला हवा. त्यासाठी प्रशासनानेही तो चित्रात न टाकता मजकूर म्हणून पाठवायला हवा, याला खर्च शून्य.

सक्तीचे नियम येईपर्यंत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना थांबण्याचे कारण नाही. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांना स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्चायचा असतो. त्यातून घड्याळे घ्यायची ठरली, तर निविदेत एक अट घालावी: नमुना घड्याळ एका अंध व्यक्तीच्या हातात द्यावे, आणि तिने कोणाची मदत न घेता वेळ सांगावी, आलेला मराठी संदेश ऐकावा, फोन घ्यावा. हे जमले तरच बिल मंजूर करावे.