पाटीवरचे ‘पानी’

पेण म्हटले की मराठी मनाला प्रथम आठवतात त्या तेथील गणेशमूर्ती. साच्यातून निघालेली मूर्ती आधी सुकते, मग घासूनपुसून तिचे अंग गुळगुळीत होते, त्यावर रंग चढतो आणि अखेरीस कसबी हात डोळ्यांची आखणी करतो. डोळ्यांवाचून मूर्ती पुरी होत नाही हे खरे. परंतु ओल्या मातीवर डोळे आखण्याचा अट्टहास कोणताही मूर्तिकार करीत नाही. त्याच परिसरातील प्राथमिक शाळांपुढचा प्रश्न समजून घ्यायला हा क्रम ध्यानी ठेवणे उपयोगाचे आहे.

पेण आणि रोहा तालुक्यांत पहिलीच्या वर्गात येणारी सर्वच मुले प्रमाण मराठी बोलत घराबाहेर पडत नाहीत. खाडीकाठच्या गावांतून आगरी-कोळी घरांतील मुले येतात. डोंगराकडच्या वाड्यांतून कातकरी आणि ठाकर मुले येतात. आगरी बोलीत प्रमाण भाषेतील ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘ल’. कातकरी बोली तर प्रमाण मराठीपासून आणखी दूर आहे. अशा घरातील एखादे मूल पाटीवर ‘पानी’ किंवा ‘डोला’ असे लिहिते, तेव्हा नेमके काय घडलेले असते?

रूढ दृष्टीने पाहिले तर चूक घडलेली असते. त्या शब्दावर फुली पडते. वस्तुतः त्या मुलाने लेखनाच्या वाटेवरील सर्वांत अवघड टप्पा ओलांडलेला असतो. तोंडातून निघणाऱ्या ध्वनीसाठी एक खूण असते आणि ती आपल्याला काढता येते, हे त्याला उमगलेले असते. घरात जसे ऐकले तसेच त्याने लिहिले. देवनागरी ही बव्हंशी उच्चारानुसारी लिपी आहे, या आपल्या अभिमानाला त्या मुलाने जणू पुरावाच दिलेला असतो. तेथे फुली मारणे म्हणजे त्याच्या लेखनाबरोबर त्याच्या आईच्या बोलण्यावरही फुली मारणे होय. असे मूल प्रथम गप्प होते, मग मागच्या बाकावर जाते आणि पुढे शाळेतूनच दिसेनासे होते.

याचा अर्थ ‘पानी’ तसेच राहू द्यावे असा मुळीच नाही. “तुझ्या घरी पानी म्हणतात, पुस्तकात पाणी लिहितात, दोन्ही म्हणून बघ,” एवढे सांगणारा शिक्षक मुलाच्या घराचा मान राखतो आणि प्रमाण भाषेचे दारही उघडतो. शब्द आधी मुलाच्या जगातला असावा, अक्षर त्याच्या ओळखीच्या ध्वनीचे असावे आणि प्रमाण रूप त्यावर चढत जावे, हाच क्रम स्वाभाविक आहे.

ज्ञानाने शिकणाऱ्याच्या भाषेकडे चालत जावे, हा धडा तर पेणच्याच मातीतला आहे. याच तालुक्यातील गागोदे गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी आचार्य विनोबा भावे यांचा जन्म झाला. गीता आपल्याला कळेल अशा मराठीत असावी, ही त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांची इच्छा होती. त्या इच्छेतून विनोबांनी 1930-31 साली ‘गीताई’ रचली. गीतेचे उंचपण त्यामुळे तसूभरही उणे झाले नाही. मग पहिलीच्या पाठाचे उंचपण कातकरवाडीच्या शब्दाने कसे उणे होईल?

प्रश्न रायगडपुरता नाही. ग्रामीण भारताची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले 2022 साली 20.5 टक्के होती. 2024 साली हे प्रमाण 27.1 टक्के झाले. सुधारणा झाली, तरीही चार मुलांपैकी जवळजवळ तिघे मागेच आहेत. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरतेला अग्रक्रम दिला, शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला आणि 2021मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. धोरण योग्य आहे. ते वाडीपर्यंत पोहोचणे बाकी आहे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. नुकती जुळू लागलेली अक्षरे त्या महिन्यांत पुसली जातात. हंगामी वसतिगृहांची सोय अशा मुलांसाठीच आहे. ती कागदावर न राहता मुलापर्यंत जाते का, हे पाहणारे कोणी गावात हवे.

आणि शुद्धलेखन? ते हवेच, फक्त त्याच्या वेळी आणि समजावून. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 साली शासनाने स्वीकारले. 1972 साली त्यांत भर पडून ते अठरा झाले. त्यांत पाठांतरापेक्षा निरीक्षणाला पुष्कळ वाव आहे. ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘मूल’ पण ‘मुलाला’, ‘खीर’ पण ‘खिरीत’, ‘विहीर’ पण ‘विहिरीत’. अशा जोड्या फळ्यावर मांडल्या, तर शब्द पुढे वाढला की आधीचा दीर्घ ऱ्हस्व होतो, हे चौथीतील मूल स्वतःच शोधून काढते. स्वतः शोधलेला नियम सहसा विसरत नाही. छडीच्या धाकाने घोकलेला सुट्टीनंतर आठवत नाही.

अशा मांडणीने भाषा बिघडेल, अशी भीती सुशिक्षित घरांतून व्यक्त होते. भाषेविषयीची ती आस्था मोलाचीच आहे. परंतु त्याच घरांतील किती मुले आज मराठीतून एक पत्र निर्दोष लिहू शकतात, हेही तपासून पाहावे. भाषा बोलींमुळे बिघडत नाही. ती लिहिणारे हात कमी झाले की क्षीण होते. वाडीवरचे प्रत्येक वाचते मूल हे मराठीचे नवे बळ आहे.

शिक्षकांवर सारा भार टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. पेण-रोह्यातील निवृत्त शिक्षक, गृहिणी, महाविद्यालयीन तरुण यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी एका वाडीवर जाऊन मुलांना गोष्ट वाचून दाखवावी, त्यांची गोष्ट त्यांच्याच बोलीत ऐकावी आणि ती त्यांच्यासमोर लिहून काढावी. खर्च एका वहीचा आणि पेन्सिलीचा. डोळ्यांची आखणी यथावकाश होईलच. आधी मूर्ती उभी राहू द्यावी.