ओजेटीचे १२० तास : कामाचा अनुभव की सही-शिक्का?

एम.कॉम. पहिल्या वर्षाचे दुसरे सत्र सुरू झाले, की विद्यार्थी ‘ओजेटी’साठी ऑफिस शोधू लागतात. अहिल्यानगर शहरात सीए आणि कर सल्लागारांची कार्यालये बरीच आहेत. जामखेड, पाथर्डी, अकोले या तालुक्यांत मात्र ती मोजकीच. ऑफिस मिळाले, तरी तिथे काम शिकायला मिळेलच याची खात्री नसते.

ओजेटी म्हणजे काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आले. त्याला चार श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. रोज पाच तास धरले तर २४ दिवस.

ऑफिसमध्ये काय शिकता येते?

एखाद्या कृषी सेवा केंद्राची बिले घ्या. बियाण्यांवर जीएसटी नाही, रासायनिक खतांवर ५ टक्के, कीटकनाशकांवर १८ टक्के. एकाच दुकानाची बिले टॅलीत टाकताना तीन दर सांभाळावे लागतात. पुरवठादाराने १५ अंकी जीएसटी क्रमांक चुकीचा टाकला, तर दुकानदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये ते बिल दिसत नाही आणि भरलेल्या कराची वजावट अडकते. मग फोन करायचा, बिल दुरुस्त करून घ्यायचे. पुस्तकातल्या गणितात ताळेबंद जुळतोच. ऑफिसमध्ये तो जुळवावा लागतो.

अडचण कुठे आहे?

पहिली अडचण वेळेची. हे सत्र नेमके मार्चअखेरच्या गडबडीत येते. शिवाय दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटी विवरणपत्रांची घाई. अशा वेळी नवख्याला शेजारी बसवून शिकवणार कोण? ग्राहकाची गोपनीय माहिती आणि पासवर्ड परक्याच्या हाती देण्याची धास्तीही रास्तच. मग विद्यार्थ्याच्या वाट्याला फायली लावणे आणि झेरॉक्स काढणे येते किंवा थेट शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रावर सही.

दुसरी अडचण पैशांची. सीएच्या आर्टिकलशिपमध्ये किमान विद्यावेतन नियमाने ठरलेले असते. ओजेटीवाल्याला अनेकदा भाडेही खिशातून घालावे लागते. एसटीचा विद्यार्थी पास गाव ते महाविद्यालय एवढ्याच मार्गावर चालतो.

काय करता येईल?

सगळा भार सीएंच्या ऑफिसवर टाकण्याची गरज नाही. हा सहकाराचा जिल्हा आहे. पतसंस्था, साखर कारखान्यांचे लेखा विभाग, दूध संस्था, बाजार समित्या यांच्याकडे रोजचे हिशेब असतात. महाविद्यालयांनी त्यांच्याशी आधीच करार करावेत आणि विद्यार्थ्याला एकट्याने दारोदार फिरायला लावू नये. प्रशिक्षण एप्रिलच्या २० तारखेनंतर ठेवले, तर शिकवणाऱ्यालाही थोडी उसंत मिळेल. गोपनीयतेचे लेखी हमीपत्र घ्यावे आणि पासवर्ड न देता बिलांची नोंद, बँक ताळमेळ अशी कामे द्यावीत.

मूल्यमापनही बदलायला हवे. जाडजूड अहवालापेक्षा तोंडी परीक्षेत तीन बिले समोर ठेवावीत आणि त्यांच्या नोंदी करायला सांगाव्यात. खरोखर काम केलेला विद्यार्थी दहा मिनिटांत ओळखू येईल. श्रेयांक त्यालाच मिळावेत. पुढे नोकरी देणारा मालक प्रमाणपत्र बाजूला ठेवून पहिल्याच दिवशी बिलांचा गठ्ठा पुढे करणार आहे.