जबाबदारी कोणाची?

कंपन्यांच्या संगणक विभागांतून पगारपत्रके, बिले आणि बँकेच्या याद्या आता ठरल्या वेळी आपोआप रवाना होतात. कारकुनाचे जागरण वाचले, हे इष्टच झाले. परंतु मे २०२३ मध्ये फायली पोहोचविणाऱ्या अशाच ‘मूव्हइट’ प्रणालीतील एका छिद्रातून चोरटे शिरले आणि ब्रिटनमध्ये वेतनाचे काम पाहणाऱ्या कंत्राटदार संस्थेकडून बीबीसी व ब्रिटिश एअरवेजच्या कर्मचाऱ्यांची खासगी माहिती लांबविली गेली. त्या बिचाऱ्यांचा यात काय दोष? फाईल मुक्कामी पोहोचताच मधल्या यंत्रातून ती पुसली गेली पाहिजे आणि प्रत्येक रवानगीस एक अधिकारी नावानिशी उत्तरदायी असला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. यंत्र टपाल वाहील. जाब मात्र माणसानेच द्यावयाचा असतो.